एकाआड एक फेटा

मानवतच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे महारुद्र होगे सर शेजारच्या लग्नात अडकले, त्याला कारण त्यांची विद्या. लॉकडाऊनमध्ये सगळी गल्ली वाळवणं घालत होती, तेव्हा सरांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं होतं. विद्या पन्नाशीच्या आसपास आली की ती अंगावरच्या नव्या सदऱ्यासारखी असते, कुणीतरी विचारल्याशिवाय चैन पडत नाही. चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. शेवटी व्यंकटरावांनी विचारलं.

शेजारचे व्यंकटराव म्हणजे निवृत्त मंडळ अधिकारी. धाकटी मुलगी सृष्टी, तिचं लग्न ठरलं होतं, वऱ्हाड चुडाव्याहून येणार होतं. त्याची काळजी त्यांना नव्हती. काळजी होती थोरल्या व्याह्यांची. थोरली मुलगी माधवी पोखर्णीला दिलेली. चार वर्षांपूर्वी तिच्या लग्नात सत्काराची नावं पुकारताना पुकारणाऱ्यानं नेमकं तिच्या सासऱ्याचं, सटवाजीरावांचं नाव गाळलं. सटवाजीराव फेट्यासाठी डोकं पुढं करून बसलेले, आणि फेटा गेला शेजारच्याच्या डोक्यावर. तेव्हापासून त्यांनी व्यंकटरावांचा उंबरा ओलांडला नव्हता. सुनेला माहेरी सोडायला ते स्वतः मोटारसायकलवर यायचे, पण गल्लीच्या कोपऱ्यावरच थांबायचे. तिथून एकदा हॉर्न वाजवायचा आणि गाडी वळवायची. व्यंकटराव दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे, आणि व्याही धुरळ्यात दिसेनासे. मंडळ अधिकारी राहिलेल्या माणसाला हे सोसणं कठीण होतं.

"या वेळेस नाव तोंडावर सोडायचं न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "परभणीहून मोठी स्क्रीन आणायलोय. तिच्यावर नाव आन् फोटो. माणूस विसरतो, मशीन विसरत न्हाई."

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण स्क्रीनवर नावं कशी आणायची हे कुणाला येतं का, असं त्यांनी सरांच्याच ओट्यावर बसून विचारलं. मी करून देतो, असं सर म्हणून गेले. राजेश्रीबाई आत भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढी खूण पुरते, पण सरांची तिकडं पाठ होती.

काम तसं सोपं होतं. स्क्रीनवर एक मोठी चौकट. पाहुण्याचा सत्कार सुरू झाला की त्या चौकटीत त्याच्या नावाची पाटी यावी, सत्कार संपला की ती जावी आणि पुढच्याची यावी. सरांनी रविवारची दुपार लावून ते जमवलं. बटण दाबलं, पहिली पाटी आली. पुन्हा दाबलं, दुसरी आली. पण पहिली गेली नाही. तिसरी आली तेव्हा पहिल्या दोघींनी अंग चोरून तिला जागा दिली, आणि थोड्या वेळात मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागाव्यात तशा पाट्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. आणायचं कसं ते सर शिकले होते. घालवायचं कसं तो व्हिडिओ त्यांनी, घालवण्यात काय शिकायचंय म्हणून, सोडून दिला होता.

शेवटी त्यांनी त्यांचा जुना विद्यार्थी सिद्धोधन याला फोन लावला. तो पुण्यात याच कामावर होता आणि अजूनही सरांशी बोलताना उभा राहून बोलायचा. सरांच्या घरात रेंज येत नाही, म्हणून सर गच्चीवर गेले. सिद्धोधननं नीट समजावलं. स्क्रीनवरच्या अशा तुकड्यांना विजेट म्हणतात, त्यातल्या चौकटीला पॅरेंट म्हणतात, तिच्या आतल्या पाट्यांना चाइल्ड म्हणतात. पॅरेंट तशीच ठेवायची आणि तिची चिल्ड्रन एकामागून एक काढून टाकायची. सरांना वर्गातली सवय. समोरच्यानं सांगितलेलं मराठीत आणि मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्यांच्या डोक्यात उतरत नाही.

"म्हणजे पोरं काढून टाकायची, आईबापाला धक्का लागू द्यायचा नाही," सर गच्चीवरून म्हणाले. "नुसती लपवली तर चालणार नाही? आतल्या आत साठत जातील? बरं. मग कायमचीच काढतो."

पलीकडच्या गच्चीवर धुरपताबाई गहू वाळत घालत होत्या. बाईंचा सरांवर राग मुळीच नव्हता, उलट लोभ होता, आणि म्हणूनच हे ऐकून त्यांना धक्का बसला. त्यांचा नातू सरांच्याच वर्गात होता. गहू तसाच टाकून त्या खाली आल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली, की होगे सर कॉलेजातून पोरं काढायलेत, आईबापांना पत्ता लागू न देता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकात पालक जमले. प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, आमचा अभ्यास करत नाही हे खरं, पण शेजारच्याचा तरी कुठं करतो.

प्राचार्य सावध गृहस्थ होते. ते सरांना काही बोलले नाहीत, त्यांनी लेखी खुलासा मागवला. कोणती मुलं काढणार, कोणत्या तुकडीतली, आणि कुणाच्या आदेशानं. सरांनी लिहून दिलं की सदर मुलं खरी नसून ती विजेट आहेत. हेडक्लार्कनं तो कागद दोनदा वाचला आणि विजेट हे आडनाव आपल्या भागातलं वाटत नाही, बदलून आलेत का, असं विचारलं. सरांनी पुन्हा लिहिलं, की ही मुलं एका चौकटीत राहतात आणि काम झालं की त्यांना नष्ट करायचं असतं. हा दुसरा खुलासा पहिल्यापेक्षा वाईट ठरला. प्राचार्यांनी सरांना समोर बसवून पाणी दिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत सरांच्या गोपनीय अहवालावर शाईचा डाग नव्हता. त्या माणसाला प्राचार्यांनी अशा नरम आवाजात विचारावं, हे सरांच्या फार जिव्हारी लागलं. अखेर लॅपटॉप कॉलेजात नेऊन, सगळ्या पालकांसमोर एक पाटी आणून आणि एक घालवून दाखवावी लागली, तेव्हा तकरार मिटली. पालक जाताना जरा हिरमुसलेच. एवढ्या लांबून येऊन काढलं कुणालाच नव्हतं.

पाटी जाते हे मात्र सिद्ध झालं. सरांनी घरी राजेश्रीबाईंच्या नावाची पाटी करून पुन्हा बघितली. नाव आलं, बटण दाबलं, नाव गेलं. मला काढायला एवढंसंच लागतं का, असं बाईंनी विचारलं. सर म्हणाले, तत्त्व एकदा बसलं की एक काय नि शंभर काय, सारखंच. हे वाक्य सरांना पुढं फार दिवस आठवत राहिलं.

मधल्या काळात गल्लीनं सल्ले द्यायचं काम चोख केलं. कुणी म्हणालं पाटीला झेंडूची माळ पाहिजे, कुणी म्हणालं अक्षरं सोनेरी करा, पण पिवळी नकोत, पिवळी कावीळ झाल्यासारखी दिसतात. ते सगळं सरांनी केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागत असताना, व्यंकटराव घाईघाईनं आले. मानकरी वाढले होते. एकेकाची पाटी आणत बसलो तर मुहूर्त टळेल, तेव्हा चार-चार जणांच्या पाट्या एकदम आणा, चौघांचे फेटे एकदम बांधू. थोरल्या व्याह्यांची मात्र शेवटी, एकट्याची, मानाची. सरांनी एकच्या जागी चार लिहिलं. करून बघायला वेळ नव्हता, कारण तेवढ्यात त्यांच्याच गालाला आणि हाताला कुणीतरी हळद फासली होती आणि तो हात घेऊन लॅपटॉपला शिवणं बरं नव्हतं. शिवाय तत्त्व बसलेलं होतं.

पाथरी रस्त्यावरचं मंगल कार्यालय दुसऱ्या दिवशी भरून वाहत होतं. स्टेजच्या मागं भिंतीएवढी स्क्रीन, बाजूच्या टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमागं नवा कुर्ता घातलेले होगे सर. सूत्रसंचालन प्राथमिक शाळेतल्या हरिओम गुरुजींकडं होतं. मागच्या लग्नाचा अनुभव ध्यानात घेऊन व्यंकटरावांनी त्यांना बजावलं होतं, की स्क्रीनवर दिसेल तेवढंच वाचायचं, पदरचं डोकं चालवायचं नाही. हरिओम गुरुजी शब्दाला पक्के होते.

पुढच्या लांब सोफ्यावर मानकरी बसलेले. अगदी टोकाला, सगळ्यांपासून हातभर अंतर राखून सटवाजीराव. ते आले होते हेच पुष्कळ होतं. लेकीसारख्या सुनेच्या बहिणीचं लग्न म्हणून आले होते, बाकी त्यांची मान ताठ होती.

सरांनी बटण दाबलं. चार पाट्या झगमगत आल्या. टाळ्या पडल्या. चौघांना फेटे बांधले गेले. त्यात चौथे होते मोंढ्यातले आडते नागनाथशेठ. सरांनी पुन्हा बटण दाबलं. जुन्यातल्या दोन पाट्या गेल्या, दोन तशाच राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी नव्या चार येऊन उभ्या राहिल्या. सरांनी डोळे चोळले. हरिओम गुरुजींनी डोळे चोळले नाहीत. त्यांनी वरपासून खालपर्यंत सहाही नावं खणखणीत वाचली. ज्यांचा सत्कार झाला होता त्यातले दोघं पुन्हा उठले.

आता माणसानं सांगावं की नाही, बाबांनो, माझं झालं. पण भर मांडवात मोठ्या अक्षरांत आपलं नाव दिसत असताना असं सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे. नागनाथशेठनी डोक्यावरचा फेटा उतरवून काखेत घेतला आणि दुसरा बांधून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. आपला मान एवढा असेल ही शंका त्यांना आधीपासून होती, ती फिटली इतकंच.

तिसऱ्या वेळेला सरांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. स्क्रीनवर सात पाट्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या अग्रभागी नागनाथशेठ. ते तिसऱ्यांदा स्टेजवर चढले तेव्हा चुडाव्याची मंडळी आपसात विचारू लागली, की हा मुलीचा आजोळचा कुणी हाय का. व्यंकटराव घामाघूम होऊन टेबलाशी आले.

"सर, हे काय चालवलंय?" ते हळूच म्हणाले. "फेटे मोजून आणलेत मी. कपाट न्हाई माझ्याकडं फेट्यांचं."

वर्गात पोराला फळ्याजवळ उभं करून गप्प करणारा हा माणूस, आज सगळ्या मानवतसमोर स्वतःच फळ्याजवळ उभा होता. घाम कुर्त्यातून बाहेर आला. आणि तशातच त्यांची नजर सोफ्यावर गेली.

सोफ्याच्या एका टोकाला कूलर होता. व्यंकटरावांच्या मेहुण्याला काम दिलं होतं, की मानकऱ्यांना जागेवरून उठवून चहाला न्यायचं, आधी पहिल्या जागेवरचे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पहिले गृहस्थ उठले की बाकीचे सगळे कूलरच्या वाऱ्यासाठी एकेक जागा पुढं सरकत. मेहुणा परत येऊन प्रामाणिकपणे दुसऱ्या जागेवरच्याला उठवी. पण खरा दुसरा तर सरकून पहिल्या जागेवर गेलेला, तो राहूनच जाई. पुन्हा सगळे सरकत, मेहुणा तिसऱ्या जागेवर जाई, आणि आणखी एक सुटे. असं करत मेहुण्यानं अर्धा सोफा रिकामा केला, आणि उरलेले अर्धे, आपल्याला कसं कुणी बोलवत नाही म्हणून, एकमेकांकडं बघत बसले.

सरांच्या डोक्यात लख्ख झालं. त्यांचा प्रोग्रॅमही हेच करत होता. पहिली पाटी काढायची, मग दुसरी, मग तिसरी. पण एक पाटी निघाली की मागच्या पुढं सरकतात, आणि एकाआड एक सुटून जाते. पाटी एकच असती तर सरकायला कुणी नव्हतं, म्हणून घरी सगळं बरोबर चाललं. आता जागा मोजत पुढं जायचंच नाही. चौकटीत कुणी आहे तोवर दर वेळी पहिल्या जागेवरच्यालाच उठवायचं. एवढी साधी गोष्ट. सरांना आनंदानं कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण जवळ फक्त केटरिंगवाला होता. त्यांनी प्रोग्रॅम बंद केला, ती ओळ बदलली आणि पुन्हा सुरू केला. स्क्रीन स्वच्छ झाली. आता फक्त एक नाव उरलं होतं.

तिकडं वेगळंच निघालं. फेटे संपले होते. नागनाथशेठच्या मांडीवर दोन होते, पण दिलेला मान परत कसा मागायचा. बटण दाबलं गेलं, आणि भिंतीएवढ्या स्क्रीनवर एकटे सटवाजीराव प्रकट झाले. एकच पाटी असल्यामुळं तिनं सगळी चौकट व्यापली. फोटो माधवीनं दिलेला, कुठल्याशा ओळखपत्रावरचा, त्यात सटवाजीराव फोटोग्राफरवर रागावलेले होते. हरिओम गुरुजींनी नाव वाचलं. सटवाजीराव उठले, संथ पावलांनी स्टेजवर आले आणि डोकं किंचित पुढं करून उभे राहिले.

थाळीत नारळ होता, शाल होती. फेटा नव्हता.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या माधवीनं पदर तोंडाला लावला. सटवाजीरावांची मान हळूहळू पुन्हा ताठ व्हायला लागली. सरांना वाटलं, आता हे वळतील आणि मोटारसायकल काढतील, आणि या वेळी कोपऱ्यावरचा हॉर्नसुद्धा बंद होईल, आणि ते सगळं आपल्या एका ओळीपायी.

व्यंकटराव पुढं झाले. वधूपित्याचा म्हणून त्यांच्या डोक्यावर केशरी जरीचा फेटा होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी उतरवला. खाली केसांचा बराचसा अभाव होता, तो व्यंकटराव एरवी कुणाला दाखवत नसत. बोडक्या डोक्यानं ते व्याह्यांच्या समोर उभे राहिले आणि तो फेटा त्यांनी सटवाजीरावांच्या डोक्यावर ठेवला.

"बाकीच्यांचे दुकानातून आणले," ते म्हणाले. "हा तुमचाच होता. चार वर्षं मीच घालून फिरलो."

सटवाजीरावांनी खाली वाकून नारळ घेतला, आणि उठताना व्यंकटरावांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. टाळ्या सुरू झाल्या त्या हरिओम गुरुजींना शेर म्हणून थांबवाव्या लागल्या.

मग मुहूर्ताची वेळ आली. आता स्क्रीनवर नवरा-नवरीचा फोटो आणायचा होता, त्यासाठी आधीची पाटी जायला हवी. सरांनी बटण दाबलं. सटवाजीराव हलले नाहीत. पुन्हा दाबलं. सटवाजीराव तसेच, रागावलेले. सरांनी ती ओळ वाचली आणि त्यांना कळलं. चौकटीत एकही न उरेपर्यंत काढत राहा असं लिहायच्या ऐवजी, घाईत, एकापेक्षा जास्त असतील तोवर काढत राहा असं लिहिलं गेलं होतं. शेवटचा एक कायम राहणार. एकच्या जागी शून्य केलं की झालं, एका बोटाचं काम. सरांनी बोट पुढं नेलं.

तेवढ्यात राजेश्रीबाई अक्षता द्यायला टेबलाशी आल्या. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं, मग खाली सोफ्याकडं. सटवाजीराव जरीच्या फेट्यात बसले होते आणि भिंतीवरच्या स्वतःकडं टक लावून बघत होते. शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून ते काहीतरी दाखवतही होते.

"राहू द्या ते," बाई म्हणाल्या.

सरांना चूक दिसली आणि ती तशी ठेवायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. शून्य आणि एक यांत फरक न करणाऱ्या पोरांचे त्यांनी आजवर किती गुण कापले असतील, याला गणती नाही. पण त्यांनी बोट मागं घेतलं आणि अक्षता हातात घेतल्या.

मंगलाष्टका झाल्या, कन्यादान झालं, सप्तपदी झाली, पंगती उठल्या, आणि सगळा वेळ सटवाजीराव भिंतीवरून लग्नावर नजर ठेवून होते. फोटोग्राफरनं दोनदा येऊन तक्रार केली. सरांनी त्याला मशीन अडकलंय असं सांगितलं. आयुष्यात मशीनच्या नावावर खोटं बोलायची सरांची ही पहिलीच वेळ.

अल्बम तयार होऊन आला त्या रविवारी गल्लीच्या कोपऱ्यावर मोटारसायकल आली. हॉर्न वाजला नाही. गाडी सरळ व्यंकटरावांच्या दारापर्यंत आली आणि सटवाजीराव उतरून, चपला काढून, आत येऊन बसले. फोटो बघायला आलो, म्हणाले. होगे सरांना आणि राजेश्रीबाईंना बोलावणं गेलं. अल्बमच्या प्रत्येक पानावर नवरा-नवरी होते, आणि त्यांच्या मागं, दोघांच्या दसपट मोठे, सटवाजीराव. सृष्टी निरोपाच्या वेळी रडत होती त्या फोटोत तर ती त्यांनाच घाबरून रडतेय असं वाटत होतं. सटवाजीरावांनी पानं सावकाश उलटली. एकही सोडलं नाही.

मग त्यांनी सरांकडं वळून विचारलं, "गुरुजी, एक सांगा. समद्यांची नावं आली आन् गेली. माझं एकट्याचंच कसं काय राह्यलं?"

सर सरसावून बसले. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांना विद्येतलं काही विचारत होतं. त्याचं असं झालं, की एकच्या जागी शून्य, असं म्हणून त्यांनी सुरुवातही केली. राजेश्रीबाईंनी चिवड्याची बशी त्यांच्या हातात दिली आणि खाऊन घ्या आधी, म्हणाल्या. बोलणं व्यंकटरावांनी उचललं.

"मीच सांगितलं होतं सरांना," ते म्हणाले. "म्हणलं, बाकीच्यांची काढा. व्याह्याचं नाव काढायची आपली ऐपत न्हाई."

सटवाजीरावांनी मान हलवली. "तेच म्हणलं," ते म्हणाले. "मशीनला एवढी समज कुठून यायची?"

सरांनी चिवडा चावला. गोड लागला की तिखट, हे त्यांना सांगता आलं नसतं. सटवाजीरावांनी अल्बम मिटला, मांडीवर नीट ठेवला, आणि दिवाळीनंतर पोखर्णीला पुतण्याचं लग्न आहे, तेव्हा सरांनी मशीन घेऊन जरूर यायचं, असं आग्रहानं सांगितलं. जाताना उंबऱ्यात पुन्हा थांबले.

"आन् गुरुजी," ते व्यंकटरावांकडं बोट करून म्हणाले, "तिथं यांचं नाव लावा. आन् मी सांगेस्तोवर काढू नका."